लाभ, एक, दोन

कॉम्प्युटर यायच्या आधी त्याची खोली आली. खोपोलीच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये टायपिस्ट होते, तिथं कॅन्टीनच्या मागं एक जुनं गोदाम होतं. ते रिकामं करून पांढरं रंगवलं, खिडक्या कायमच्या बंद केल्या आणि भिंतीत गार हवेचं यंत्र बसवलं. दाराबाहेर चपला ठेवायला लाकडी फडताळ आलं. खुद्द कॉम्प्युटर अजून मुंबईच्या गोदीत कुठंतरी अडकलेला होता, पण त्या खोलीवरून जाताना आम्ही आपोआप हळू बोलायला लागलो होतो. मूर्ती बसायच्या आधीच लोक गाभाऱ्यासमोर हात जोडतात, त्यातलाच प्रकार.

ऐंशी साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट आहे. पाऊस ओसरत आलेला असताना नोटीस बोर्डावर सूचना लागली. स्टोअर आणि हजेरी या दोन खात्यांतल्या कारकुनांना नव्या यंत्राचं शिक्षण देणार, दिवाळीच्या आधी परीक्षा घेणार, त्यातल्या निम्म्यांना यंत्रावर ठेवणार आणि बाकीच्यांची बदली मुंबईच्या हेड ऑफिसात करणार. पुरुष मंडळींना बदली म्हणजे गैरसोय होती. मला बदली म्हणजे सरळ राजीनामा होता. मुलगी नुकती पहिलीत गेलेली, नवऱ्याचा टेंपो खोपोलीच्या शिळफाट्यावर भाड्याची वाट बघत उभा असायचा, आणि खालापूरच्या बाजूच्या आमच्या गावातली भाताची खाचरं सासूबाई एकटीनं सांभाळत होत्या. हे सगळं सोडून मी मुंबईला जाणार नव्हते आणि कुणी मला पाठवणारही नव्हतं.

मला ती नोकरी हवी होती. घराला हातभार लागतो, हे कारण मी लोकांना सांगायचे आणि ते खोटं नव्हतं. पण मनातलं कारण वेगळं होतं. शाळेत असताना मला गणित फार आवडायचं. मॅट्रिक झाले, लग्न झालं, पोशीरचं माहेर सोडून इकडं आले आणि गणित जे सुटलं ते सुटलंच. स्टोअरमध्ये नटबोल्टच्या नोंदी टाइप करताना ते परत भेटेल असं मला वाटलं नव्हतं. आता दारापर्यंत आलं होतं, आणि मी त्याला तसंच परत जाऊ देणार नव्हते.

शिकवायला आलेले सर माझ्यापेक्षा लहान होते. शहरात वाढलेले, घाम पुसत बोलणारे आणि स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारे. यंत्र नसल्यामुळं ते आम्हाला यंत्राशी बोलायची चित्रांची भाषा शिकवत. त्यासाठी प्रत्येकाला हिरवट प्लॅस्टिकची एक पट्टी मिळाली. तिच्यात वेगवेगळे आकार कापलेले होते. त्या आकारांतून पेन्सिल फिरवायची आणि काम मांडायचं. सुरुवात आणि शेवट लांबट गोलात लिहायचा. एखादी गोष्ट करायची असेल तर चौकोन काढायचा. प्रश्न विचारायचा असेल तर शंकरपाळं. शंकरपाळं हा शब्द आमचा, सरांचा नव्हे. पण पुढं तेही तोच वापरायला लागले. शंकरपाळ्यातून दोन वाटा निघायच्या, एक हो ची आणि एक नाही ची, आणि सगळे आकार बाणांनी जोडलेले असायचे.

यंत्र हुशार असतं या भ्रमात राहू नका, असं सर सारखं बजावायचे. ते मठ्ठ असतं, सांगाल तेवढंच करतं, पण सांगितलेलं काम न कुरकुरता हजार वेळा करतं. हे ऐकून आमच्यातले सगळ्यांत जुने कारकून म्हणाले, की मग आम्हाला काढून वेगळं काय आणताय? वर्ग हसला आणि सरही हसले. हे जुने कारकून पानाच्या डब्यासकट वर्गात बसत. त्यांचं तोंडी गणित इतकं पक्कं होतं की पट्टी हातात धरणं त्यांना कमीपणाचं वाटे.

परीक्षेसाठी सरांनी एकच काम सांगून ठेवलं. कुठल्याही संख्येचा कुठलाही घात काढायचं चित्र तयार करा. दोनाचा पाचवा घात म्हणजे दोन पाच वेळा मांडून त्यांचा गुणाकार, उत्तर बत्तीस, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पण यंत्राला ते पाठ नाही. त्याला एका वेळी एकदाच गुणता येतं आणि किती वेळा गुणलं हे मोजता येतं, एवढ्यावर काम भागवायचं. म्हणजे गुणायचं, मोजायचं, पुरे झालं का विचारायचं, नसेल झालं तर बाणावरून मागं यायचं. सरांनी हे बोटानं हवेत गोल काढून दाखवलं. चित्र कागदावर आम्हीच काढायचं होतं.

कागदावर मला ते जमेना. बाण काढला की तो कुठून कुठं जातोय हेच विसरायला व्हायचं. मी माणसांत वाढलेली बाई, मला कागदावरच्या चौकोनांपेक्षा समोर बसलेली माणसं लवकर कळतात. म्हणून एका रविवारी मी चित्रच अंगणात काढायचं ठरवलं. आमच्या घरापुढं खळं होतं. पाऊस गेल्यावर सासूबाईंनी ते चोपून, सारवून मळणीसाठी तयार केलं होतं. भात अजून शेतात उभं होतं, खळं मोकळं होतं. मी रांगोळीनं त्यावर मोठाले चौकोन काढले, एक शंकरपाळं काढलं, बाण काढले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. खळ्यावर रांगोळी चांगलीच, पण लक्ष्मीची पावलं कुठं आहेत, एवढंच त्यांनी विचारलं.

मग मी माणसं नेमली. मोजायचं काम सासूबाईंना दिलं. आमच्या घरात मोजमाप त्यांचंच. मळणी झाली की पायली हातात घेऊन राशीपाशी त्या बसायच्या आणि कितीही गलका चालू असो, त्यांची मोजणी चुकायची नाही. गुणायचं काम मी घेतलं. त्यासाठी पितळी ताट आणि मागच्या साली घरात पिकलेले वाल आणले. शंकरपाळ्यात नवऱ्याला बसवलं. त्याला काम एवढंच, की आईला मोजणी विचारायची आणि हो किंवा नाही सांगायचं. ही माझी चूक होती. या माणसानं जन्मात कधी सरळ हो किंवा नाही म्हटलेलं नाही. पहिल्याच फेरीत त्याला विचारलं, पाच झाले का, तर म्हणाला, "बघू."

सुरुवात फसली ती माझ्यामुळं. मी ताट रिकामं ठेवून दुप्पट करायला निघाले. शून्याची दुप्पट शून्य, तिची दुप्पट परत शून्य. मी वाकून रिकाम्या ताटाकडं बघत बसले, तेव्हा नवरा म्हणाला की यंत्राला बरं आहे, काम काहीच नाही. मग लक्षात आलं, की सुरुवातीला ताटात एक तरी दाणा हवा. मी एक वाल ठेवला. सासूबाईंनी अंगठा मिटला आणि म्हणाल्या, "लाभ."

आमच्याकडं भात मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, आणि मग दोन, तीन. पोशीरला माझे वडीलही तसंच मोजायचे. लहानपणापासून हा आवाज इतका कानात बसलेला, की मला त्यात काही खटकलंच नाही. मी एकाचे दोन वाल केले, सासूबाई म्हणाल्या दोन. चार झाले, तीन म्हणाल्या. आठाला चार आणि सोळाला पाच. नवऱ्यानं हो म्हटलं, आम्ही थांबलो, आणि ताटात सोळा वाल. बत्तीस हवे होते.

परत केलं. परत सोळा. रांगोळीवरनं चालत जाऊन एकेक बाण तपासला, सगळे जिथल्या तिथं होते. मला वाटलं गुणायला मीच एकदा कमी पडतेय, चित्रातच कुठं तरी खोट आहे. मग मी सोपा उपाय केला. नवऱ्याला सांगितलं, पाच झाले का असं विचारू नका, सहा झाले का असं विचारा. लगेच बत्तीस वाल आले. तिनाचा चौथा घात करून पाहिला, चाराऐवजी पाच विचारायला लावलं, तोही बरोबर आला. मी खूश होऊन चित्र कागदावर उतरवलं. शंकरपाळ्यात लिहिलं, घातात एक मिळवून जेवढे होतील तेवढे झाले का? त्या दिवशी संध्याकाळी मी घावन केले, इतकी माझी खात्री झाली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी माझं चित्र फळ्यावर काढलं आणि खडूनं एकेक पायरी चालवून दाखवली. उत्तर आलं चौसष्ट. माझा चेहरा उतरला. मी म्हटलं, सर, घरी करून बघितलंय, बत्तीसच येतात. जुन्या कारकुनांनी पानाचा डबा बंद केला आणि म्हणाले, बाईंच्या घरी एक पायली जादा भरत असतील. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, की घरी मोजत कोण होतं? मी सांगितलं, सासूबाई. ते म्हणाले, त्या कुठल्या आकड्यापासून मोजतात ते एकदा नीट ऐका.

मला ऐकायची गरजच नव्हती. शिळफाट्यावर एसटीत बसले तेव्हाच सगळं उलगडलं होतं. ताटात पहिला वाल ठेवला, तेव्हा मी एकदाही गुणलेलं नव्हतं. आणि सासूबाईंनी मात्र तो लाभ म्हणून बोटावर धरला होता. गुणाकार सुरू व्हायच्या आधीच त्यांचं एक बोट मिटलेलं होतं.

घरी गेल्या गेल्या मी त्यांच्यावर घसरले. माझा स्वभाव तसा आहे, राग आला की आधी तोंडावाटे बाहेर पडतो. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. मी म्हटलं, आत्या, तुमच्या त्या लाभापायी माझी नोकरी जायची वेळ आलीय. उद्यापासून मोजताना सरळ एक म्हणत चला. सासूबाई गुरांना पेंढा टाकत होत्या. त्यांनी पेंढ्याची पेंडी हातात तशीच धरली.

"पैल्या मापाला एक म्हणायचं नाय," त्या म्हणाल्या. "एक म्हंजी एकटा. माझ्या सासूनं मला पायली दिली ती लाभ म्हणूनच दिली. माझ्या तोंडून पैला एक कंदी निघाला नाय, आन तुझ्या मशीनपायी निघायचा नाय."

मीही कमी नव्हते. म्हटलं, मग मी मुलीला बसवीन मोजायला. बसव की, त्या म्हणाल्या आणि गोठ्यात गेल्या. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. भाकरी झाली, पाणी भरलं, एसटी चुकेल, एवढंच. नवरा दोघींच्या मधून मुकाट्यानं ये-जा करायचा आणि टेंपोला उगाचच जास्त फडका मारायचा.

मुलीला मी बसवलं नाही. तिनं बरोबरच मोजलं असतं, त्यात शंका नव्हती. पण रोज एसटीत बसलं की माझ्या डोक्यात तो पहिला वाल यायचा. तो कशाला हवा होता? गुणायच्या आधीच तो ताटात का ठेवावा लागला? शाळेत आम्हाला सांगितलं होतं, कुठल्याही संख्येचा शून्यावा घात एक असतो, पाठ करा. मी पाठ केलं होतं आणि मार्कही घेतले होते. पण दोन शून्य वेळा घेतले तर उत्तर काहीच नाही असं न येता एक का येतं, हे मला कधी कळलं नव्हतं. तेव्हा विचारलं असतं तर छडी मिळाली असती. आता मात्र त्या प्रश्नाची आणि माझ्या सासूच्या अंगठ्याची गाठ पडल्यासारखं वाटायला लागलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा रांगोळी घेऊन खळ्यावर गेले. मागचं चित्र पुसट झालेलं होतं, त्यावरून हात फिरवत होते. सासूबाई न बोलावता आल्या, ताट आणि वालाची पुरचुंडी खाली ठेवली आणि आपल्या चौकोनात जाऊन बसल्या. मी मान खाली घालून रांगोळी ओढत राहिले.

मग म्हटलं, आत्या, लाभ म्हणा. तुमचा लाभ मला हवाय. फक्त लाभ म्हणताना बोट मिटू नका. बोट पुढच्या वेळेपासून मिटा, मी गुणल्यावर. लाभ म्हणजे आपण काही करायच्या आधीपासून जे ताटात आहे ते. ते मोजायचं नाही.

त्यांना ते पटलं नाही. "मोजायचाच नाय तर त्याला किंमत काय राह्यली, पोरी?"

मी म्हटलं, तो नसला तर ताट रिकामंच राहतं, तुम्ही बघितलंत ना त्या दिवशी. कितीही गुणा, हाताला काही लागत नाही. पुढचं सगळं त्या एका दाण्यातून वाढतं. सासूबाईंनी पुरचुंडीतून एक वाल काढून तळहातावर घेतला. मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं हसू आलं.

"इरजणासारखा म्हण की," त्या म्हणाल्या. "दूध किती लावलं ते बाया सांगतात. इरजण किती घातलं ते कोण मोजतंय? पन त्याच्याबिगर दही नाय."

मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच फतकल मारून बसले. मी वाल ठेवला, त्या लाभ म्हणाल्या आणि अंगठा सरळच ठेवला. मी दोन वाल केले. त्या क्षणभर थांबल्या. त्यांच्या ओठांवर दोन आलेलं मला दिसलं. ते गिळून त्या म्हणाल्या, "एक," आणि अंगठा मिटला. इतकं हळू म्हणाल्या, की नवऱ्याला काय म्हटलं ते परत विचारावं लागलं. चारला दोन, आठला तीन, सोळाला चार आणि बत्तीसला पाच. नवऱ्यानं नेमका या वेळी कधी नाही तो खणखणीत हो दिला. ताटातले वाल मी दोनदा मोजले.

आता मला तो शून्याचा प्रश्न गप्प बसू देईना. मी म्हटलं, समजा सरांनी शून्यावा घात मागितला तर? म्हणजे एकदाही गुणायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, मग लाभ आहे ना ताटात, तेवढाच राहील, जाणार कुठं? इतकी वर्षं पाठ केलेलं वाक्य माझ्यासमोर पितळी ताटात एक वाल होऊन पडलं होतं. एक हे उत्तर कुठून येत नव्हतंच, ते आधीपासून तिथं होतं.

पण चित्र चालवून बघितलं तर ते फसलं. कारण माझ्या चित्रात आधी गुणायचं होतं, मग मोजायचं आणि मग विचारायचं. शून्य हवे असताना मी एकदा गुणून मोकळी झालेली, मोजणी एकवर गेलेली, आणि नवरा शून्य झाले का म्हणून विचारतोय. ते आता कधीच होणार नव्हतं. तो नाही नाही म्हणत राहिला, मी वाल वाढवत राहिले, आणि वाल संपायला आले तेव्हा आम्ही तिघंही हसत सुटलो. उपाय एकच होता. शंकरपाळं उचलून वर न्यायचं, गुणाकाराच्या आधी. आधी विचारायचं, मग करायचं. मी रांगोळी पुसून नवऱ्याची जागा बदलली. तो उठून नव्या शंकरपाळ्यात बसला आणि म्हणाला, या घरात मला आधी विचारायचं हे आज पहिल्यांदाच होतंय.

परीक्षा त्या पांढऱ्या खोलीत झाली. यंत्र अजून आलेलं नव्हतं, पण गार हवा सुरू होती. चपला बाहेर काढल्यामुळं पाय गारठले होते. मुलीचा चेहरा, टाइपरायटर, मुंबईचं ते न बघितलेलं ऑफिस, सगळं एकदम डोळ्यांसमोर येत होतं. मग मी खळं आठवलं. नवरा कुठं बसला होता, सासूबाई कुठं, मी कुठं. माणसं जागेवर बसली तसे आकार कागदावर बसत गेले. सगळ्यांत वरच्या चौकोनात मी घाईत लिहून गेले, ताटात लाभ.

सरांनी प्रत्येकाचं चित्र सगळ्यांसमोर चालवलं. दोनाचा पाचवा, तिनाचा चौथा असे घात बहुतेकांचे बरोबर आले. शेवटी त्यांनी शून्यावा मागितला. जुन्या कारकुनांच्या चित्रात आधी गुणाकार होता. ते गोल गोल फिरत राहिलं, थांबेना. तोंडी विचारा की राव, एक उत्तर आहे, मला पाठ आहे, असं ते म्हणाले. तुम्हाला आहे, यंत्राला नाही, असं सर शांतपणे म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं. ते काही मठ्ठ नव्हते. फक्त त्यांना कुणी खळ्यावर बसवलं नव्हतं.

माझं चित्र आलं तेव्हा सर पहिल्याच चौकोनापाशी अडकले. हे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की आमच्याकडं मोजताना पहिल्याला लाभ म्हणतात, आणि इथं तो मोजायचा नाही, तो आधीपासून असतो. बोलता बोलता विरजणही सांगून टाकलं. वर्गात कुणी हसलं नाही, कारण अर्ध्यांच्या घरी तसंच मोजत होते. सर म्हणाले, यंत्राला लाभ कळणार नाही, शेजारी १ लिहा. मी लिहिला. मग त्यांनी चित्र चालवलं. शून्य झाले का, हो, थांबा. उत्तर एक. त्यांनी कागद गठ्ठ्यात ठेवून पुढचा उचलला, आणि एक काळजी मला रात्रंदिवस खायला लागली.

निकाल दिवाळीनंतर लागला. तोवर भातकापणी झाली, भारे खळ्यावर आले, झोडणी झाली. वर डोंगराच्या कडेला वाडी आहे, तिथल्या बाया दर वर्षी आमच्या कापणीला नि झोडणीला यायच्या आणि मजुरी भातात घ्यायच्या. निकाल लागला तोच त्यांची मजुरी मोजायचा दिवस होता. दुपारी बोर्डावर यादी लागली. मी वरून खाली वाचायची हिंमत केली नाही, खालून वर वाचत गेले. माझं नाव होतं. जुने कारकून शेजारी उभे होते. त्यांचं नव्हतं. त्यांनी माझ्या हातावर पान ठेवलं आणि म्हणाले, मुलगा मुंबईलाच असतो, नातवंडं रोज दिसतील. खरंच आनंदानं म्हणाले की मला बरं वाटावं म्हणून, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

एसटीतून उतरून मी शेताच्या बांधावरून जवळजवळ पळतच आले. खळ्यात रास लागली होती. वाडीवरच्या बाया टोपल्या घेऊन ओळीनं बसलेल्या, नवरा रिकामी पोती घेऊन उभा, आणि सासूबाई पदर खोचून राशीपाशी पायली हातात धरून बसल्या होत्या. मोजणी सुरू व्हायचीच होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला धाप लागली होती.

"ठेवलं मला," मी म्हटलं. "मशीनवर."

त्यांनी मान हलवली. पायली राशीत खुपसली, भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि पहिल्या बाईच्या टोपलीत रिती केली.

"लाभ," त्या म्हणाल्या.

दुसरी पायली भरली. रिती केली. आणि साऱ्या खळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एक."

ती बाई टोपली धरून थांबली. म्हातारी बाई होती, दर वर्षी यायची, तिला आमच्या घरचं माप पाठ होतं. ती हळूच म्हणाली, की आजी, चुकलं, हे दोन झालं.

"चुकलं नाय," सासूबाई म्हणाल्या. "लाभ मोजायचा नसतो. आमच्या सूनबायच्या मशीनची रीत हाय."

नवऱ्यानं पोतं खाली ठेवलं आणि विचारलं, की आई, सगळ्यांनाच अशी एक पायली जादा देणार? खरं तर यात विचारण्यासारखं काही नव्हतं, ओळीत बसलेल्या सगळ्या बाया त्यांच्याकडंच बघत होत्या.

"आधी इचारलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "हो."

मी पुढं होऊन म्हाताऱ्या बाईच्या टोपलीला हात लावला. ती एका बाजूनं धरून होती, दुसऱ्या बाजूनं मी धरली. माझे डोळे वाहत होते, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळं पुसताही येत नव्हते. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांची मोजणी चालू होती.

"दोन," त्या म्हणाल्या, आणि पायली टोपलीत रिती केली.